बानोच्या गादीचे टाके

युसूफ पिंजाऱ्याच्या गादीवर एकदा झोपलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या गादीवर झोप येत नाही, असं मलकापुरातले लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः युसूफच म्हणे, पण ते खोटं नव्हतं. चिमूटभर रुई बोटांत धरली की कापूस कुठल्या रानाचा, वेचायला किती उशीर झाला, बोंडात ओल होती की नव्हती, हे तो डोळे मिटून सांगायचा. स्टेशनामागच्या गल्लीत पुढे त्याचं दुकान होतं आणि मागे घर. मध्ये एक पडदा. त्या पडद्याला चार ठिकाणी ठिगळं होती, कारण दिव्याखाली अंधार असतोच.

या घराण्याची एक रीत होती. लेकीच्या लग्नात दागिना उन्नीसबीस चालेल, पण गादी बापाच्या हातची हवी. ती यंत्रावर करायची नाही आणि कारागिराकडे द्यायची नाही. गिऱ्हाइकाच्या गादीला चार चार बोटांवर टाका पडतो, लेकीच्या गादीला बोटाबोटावर. मोठ्या गादीला नऊशे आणि रजईला सहाशे, असे पंधराशे टाके बापाने स्वतः बसून घालायचे. युसूफच्या बहिणीची गादी तीस वर्षांपूर्वी अशीच खामगावला गेली होती. आजतागायत तिच्यात गोळा झालेला नाही, हे बहीण प्रत्येक ईदला ऐकवते.

आता युसूफच्या एकुलत्या एका लेकीचा, बानोचा, निकाह चोवीस दिवसांवर आला होता. मुलगा जानेफळचा, आसिम नावाचा, पंधरा एकर शेती सांभाळणारा. खोळ शिवून तयार होती. रुई हाताने निवडून, पिंजून, चादरीखाली झाकून ठेवली होती. आणि टाके पडले होते शून्य.

"बानोचे अब्बा," युसूफची बायको कौसर रोज दुपारी पडद्याआडून विचारायची, "आज सुई धाग्याची गाठ पडन का?"

"पडते ना. एवढा एक मेसेज पाह्यतो अन् बसतो."

हा 'एवढा एक मेसेज' मागच्या वर्षापासून चालू होता.

मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतराच्या दिवाळीआधी, युसूफच्या दुकानात आलेल्या कापसात गुलाबी डाग दिसायला लागले. बीटीच्या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, असं पाकिटावर छापलेलं होतं आणि बहुतेकांनी त्यावर विश्वास ठेवलेला होता. युसूफने पाकीट वाचलं नव्हतं, त्याने फक्त रुई पाहिली. तीन गिऱ्हाइकांना तो म्हणाला, "गादीचं राहू द्या, आधी वावरात जा अन् बोंडं फोडून पाहा." त्यांनी फोडली. आत अळी आरामात बसलेली होती. त्यांनी ते फोटो युसूफच्या नावासकट इकडेतिकडे पाठवले आणि आठवडाभरात अनोळखी माणसं त्याला फोन करायला लागली. ज्याच्या दुकानात औषध विकायला नाही, त्याच्या सल्ल्याला लोक किंमत देतात. शिवाय त्या साली नुसत्या भीतीने उठसूट फवारणी करून माणसं दवाखान्यात पोचली होती, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

तर यंदा युसूफचा व्हॉट्सॲपवर गट निघाला. नाव 'कापूस आपला'. काम सोपं होतं. शेतात कामगंध सापळे लावायचे, मादीच्या वासाला भुलून रात्री अळीचे पतंग त्यात अडकतात, सकाळी ते मोजून आकडा गटात टाकायचा. ओळीने तीन दिवस आठ किंवा जास्त आले तरच बोंडं फोडून बघायची आणि मग फवारायचं. नाहीतर औषधाला हात लावायचा नाही. आकडा कमी असला की शेतकरी निवांत चहा पितो, एवढं सुख या गटाने दिलं होतं.

पण व्हॉट्सॲपच्या एका गटात अडीचशेच्या वर माणसं मावत नाहीत. गटाचे झाले चार. तोच मजकूर चारही ठिकाणी टाकायचा, चारही ठिकाणचे आकडे वाचायचे, आणि नऊच्या आकड्याला घाबरलेल्या माणसाला स्वतंत्र धीर द्यायचा. युसूफ टाका घालायला वाकला की फोन वाजे, सुई खोळीत उभी राही, आणि पुन्हा वाकेपर्यंत धागा कुठे होता ते आठवायला लागे.

अशा एका दुपारी भार्गवी दुकानात आली. ही चिंतामणराव क्लार्कांची मुलगी, शाळेत संगणक शिकवायची. वडिलांच्या कंबरेसाठी सांगितलेली गादी घ्यायला ती तिसऱ्यांदा आली होती आणि या वेळी तिने भांडायची पूर्ण तयारी केली होती. पण बाकावर बसून तिने दहा मिनिटं नुसतं पाहिलं. दहा मिनिटांत युसूफने अकरा वेळा सुई खाली ठेवली.

"युसूफचाचा," ती म्हणाली, "तुमचा हात नाही चुकत. तुमची जागा चुकली आहे. हजार माणसांचा संसार तुम्ही चार खोल्यांत मांडलाय. फेसबुकवर गट काढा, टेलिग्राम म्हणून एक आलंय त्यावर काढा. तिथे एकाच गटात सगळे मावतात."

"तिथं काम कमी लागते का पण?"

"ते मोजून बघू. सध्या रोज किती वेळ जातो तुमचा?"

युसूफला सांगता येईना. सकाळी दोन मिनिटं, मग पाच मिनिटं, मग कुणाचा तरी बैल आजारी, असा तो वेळ. भार्गवीने वही काढली होती ती तशीच राहिली. तेवढ्यात पडद्याआडून कौसर म्हणाली, "वेळ कायले मोजता? टाके मोजा. दिवसाला किती पडले, त्याच्यातच समजते फोननं किती खाल्लं."

शाळेत संगणक शिकवणाऱ्या भार्गवीला हे सुचलं नव्हतं, हे तिने मोठ्या मनाने मान्य केलं. ठरलं ते असं. दुपारच्या जोहरच्या नमाजपासून उन्हं कलल्यावरच्या असरच्या नमाजपर्यंत युसूफने बानोची गादी घेऊन बसायचं. गट सांभाळायचा आणि टाके घालायचे. तीन दिवस व्हॉट्सॲप, तीन दिवस फेसबुक, तीन दिवस टेलिग्राम. जिथे जास्त टाके पडतील तिथे गट कायमचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते युसूफने अगदी शब्दशः पाळायचं ठरवलं. दुकानाच्या भिंतीवर त्याने शिलाईच्या खडूने तीन रकाने आखले.

व्हॉट्सॲपचे टाके पडले पंचेचाळीस, एक्केचाळीस आणि अठ्ठेचाळीस.

"तरी आपला गट शिस्तीचा आहे म्हणून एवढे," युसूफ भार्गवीला म्हणाला. "बाकीच्याइच्या गटात पाहा, सकाळी उठले की गुलाबाचे फुलं, सुप्रभात, सुविचार. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्या पह्यल्याच दिवशी नियम टाकला, सुप्रभात पाठवणारा गटाच्या बाहेर. तवापासून एक फूल नाही आलं पाहा माह्या गटात. दरारा लागतो माणसाचा."

पडद्यामागे बानोच्या हातून वाटी खाली पडली. युसूफने तिकडे लक्ष दिलं नाही. पाच वेळची नमाज आणि दरारा या दोन गोष्टी त्याने उभ्या जन्मात कधी चुकवल्या नव्हत्या.

मग फेसबुक आलं. पहिल्याच दिवशी अडीचशे जणांनी आत येऊ द्या म्हणून दार ठोठावलं. त्यातल्या निम्म्यांचा कापसाशी संबंध फक्त सदऱ्यापुरता होता. कुणी जुना ट्रॅक्टर विकायला आणला, कुणी पंधरा दिवसांत टकलावर केस उगवून देत होता. एका सुंदर बाईच्या फोटोआडून कुणीतरी 'हाय' म्हटलं, तेव्हा कौसर नेमकी चहा घेऊन आली. त्या दिवशीचे टाके चोवीस पडले आणि चहा थंड मिळाला. तिसऱ्या दिवशी आकड्यांपेक्षा गुलाबाची फुलं जास्त आली. युसूफ एकेक पुसत बसला. टाके सतरा.

"इथं लोकाइले दराराच नाही राह्यला," तो म्हणाला.

टेलिग्रामच्या वेळी भार्गवीने सक्त ताकीद दिली. दोन दगडांवर पाय नको. म्हणून तिने व्हॉट्सॲपच्या चारही गटांत नवीनच आलेली एक सोय चालू केली, ज्यात फक्त गटप्रमुखालाच लिहिता येतं. मग शेवटचा निरोप टाकला : गट टेलिग्रामवर गेला आहे, सर्वांनी तिकडे यावे.

पहिल्या दिवशी टाके ब्याण्णव पडले. दुसऱ्या दिवशी एकशे वीस. तिसऱ्या दिवशी सुई अशी चालली की युसूफ गुणगुणायला लागला, आणि असरची अजान झाली तेव्हा त्याने वर पाहिलं तर एकशे एक्केचाळीस टाके झालेले. फोन अख्ख्या दुपारी दोनदा वाजला होता, त्यातला एक भार्गवीचा होता. कौसरने शेवया केल्या. बानो गादीच्या कडेवरून नुसता हात फिरवत बसली. बापाला वाटलं, पोरीला माहेर सुटायचं दुःख होत असेल. ते तर होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गवी वडिलांची गादी न्यायला आली, आणि निकाल जाहीर करायलाही. तिने टेलिग्राम उघडलं आणि तिचा चेहरा जरा पडला.

"चाचा, गटात माणसं किती आहेत बघितलंत का?"

"हजार असतीन."

"त्रेसष्ट आहेत. आणि काल आकडे पाठवले चौघांनी."

युसूफ काही बोलायच्या आत दारात रिक्षा थांबली आणि गोजरबाई उतरली. उंद्रीची गोजरबाई म्हणजे गटातला पहिला आकडा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तिचा आवाज यायचा, 'गोजरबाई बोलून राह्यली, उंद्री, आज पाच.' तिला लिहिता येत नव्हतं, पण मोजता भल्याभल्यांपेक्षा चांगलं येत होतं. युसूफने तिला आजवर पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. ती अंधारातच सापळा मोजून, पहाटेची एसटी धरून दोन गाड्या बदलून आली होती. तिने पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली आणि गादीवर, बानोच्या कोऱ्या गादीवर, ठेवली. आत मेलेले पतंग होते.

"मोज," ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही…"

"मोज म्हणते ना! परवा आठ, काल नऊ, आज अकरा. तीन दिवस फोनात बोलून राह्यली, तर फोन म्हणते फक्त प्रमुखच बोलू शकते. तू कोन लागून गेला रे एवढा प्रमुख? अन् ते दुसरं काय काढलं, त्याच्यात इंग्रजीत नाव टाका म्हणते, कोड टाका म्हणते. मले कोड माहीत असता तं म्या कापूस कायले पेरला असता?"

युसूफने थैली उघडली आणि खरंच मोजले. अकरा होते. तीन दिवस तो गुणगुणत होता आणि गट मुका होता. काम कमी झालं नव्हतं, काम सांगणारी माणसं दाराबाहेर उभी होती. बारा एकरवाल्या बाईला तालुके ओलांडून यावं लागलं, आणि जे आले नाहीत त्यांच्या सापळ्यांत किती असतील कोण जाणे.

"मावशी, आज घरी गेल्याबरोबर वीस बोंडं तोडा अन् फोडा," तो घाईने म्हणाला. "दोन-तीनमंधी अळी निंघाली तं उद्याच्याले फवारणी करा, वारा पडल्यावर, तोंडाले फडकं बांधून. अन् शेजाऱ्याइले सांगा."

"ते तं सांगनच. पण तू आधी आपलं जुनं दुकान उघड. सकाळी उठून दीड-दोनशे फुलं पाह्यले का मन कसं फ्रेश वाटे. त्या नवीनमंधी ना फूल ना पान."

युसूफ हसला. "मावशी, तुम्ही दुसऱ्या कोण्या गटाचं बोलून राह्यल्या. माह्या गटात फुलं नसतात. नियम आहे."

"नियम आहे म्हणते!" गोजरबाईने आपला फोन त्याच्या नाकापुढे धरला. "हातच्या कांकणाले आरसा कायले? पाह्य."

गट तोच होता. 'कापूस आपला – दोन'. तारीख बारा दिवसांपूर्वीची. गोजरबाईच्या फोनवर गुलाब, उगवता सूर्य, चहाच्या कपातून निघणारी वाफ, मोरपीस, गणपती, मक्का, पुन्हा गुलाब. मध्येमध्ये आकडे. युसूफने आपला फोन काढला. तोच गट, तीच तारीख. नुसते आकडे. एकाखाली एक, स्वच्छ, झाडून काढलेल्या अंगणासारखे.

भार्गवीने दोन्ही फोन हातात घेतले आणि शेजारी शेजारी धरून मोजलं. गोजरबाईच्या फोनवर एकशे सत्त्याऐंशी निरोप होते. युसूफच्या फोनवर एकतीस.

"चाचा, कुणीतरी तुमच्या फोनमधून रोज हे पुसतंय," ती म्हणाली. "आपल्या फोनवरून पुसलं की फक्त आपल्याच फोनवरून जातं, बाकीच्यांना कळत नाही. तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असतो का?"

"कोनाच्या असन? सारा दिवस खिशात असते. फक्त नमाजले जातो तवा घरी ठेवतो, मशिदीत वाजू नये म्हणून."

बोलता बोलता तो थांबला. नमाज दिवसातून पाच वेळा असते.

पडदा हलला. बानो बाहेर आली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"तूनं?" युसूफने विचारलं.

"हाव."

"कवापासून?"

"गट निंघाल्यापासून. तुम्ही पहाटी फजरले गेले का फोन खिडकीत असते. फुलं पुसाचे, फालतूचे पुसाचे. कोनी एकट्यानं विचारलं असन अन् उत्तर मले येत असन तं देऊन टाकाचं. मंग जोहरले, मंग असरले. फोनात फक्त खरे आकडे ठेवाचे." ती जरा थांबली. "फेसबुकवर म्या हात नाही लावला अब्बा. तिथं पुसलं का साऱ्याइले दिसते."

"मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुम्ही म्हणाले असते, राहू दे बेटा, तुहे हातं मेंदीचे आहेत. अन् मंग एक टाका पडला नसता." आणि मग, डोळे खाली ठेवून, "अन् तुम्ही साऱ्याइले नियमाचं सांगत होते ना, तवा लय खुश दिसत होते."

गोजरबाई मोठ्याने हसली. भार्गवीने तोंड फिरवून हसू दाबलं. युसूफला मात्र हसता येईना. भिंतीवरचे रकाने त्याच्यासमोर होते. पंचेचाळीस, एक्केचाळीस, अठ्ठेचाळीस. हे टाके त्याच्या दराऱ्याचे नव्हते. बाप गादी शिवत होता आणि लेक पाच वेळा उंबऱ्यातली वर्दळ अडवून धरत होती, म्हणून तेवढे पडले होते. आणि चौदा दिवसांनी ही पोर जानेफळला जाणार होती. खिडकीतला फोन कोण उचलणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्या पाठोपाठ फोन नसलेली, नुसती रिकामी खिडकी त्याला दिसली. त्याने सरळ बानोला जवळ ओढलं आणि सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवून रडला. कौसर पडद्यातून बाहेर आली आणि तीही रडली. त्या दोघांचं बघून भार्गवीने रुमाल काढला.

"अरे बाप्पा, लग्नाच्या दिवसाले ठेवा ना थोडंसं," गोजरबाई म्हणाली. "आधी गटाचं पाहा. माही गाडी आहे दोनची."

भार्गवीने डोळे पुसून पुन्हा वही काढली. इकडे आड तिकडे विहीर, अशी गत होती. टेलिग्रामवर काम कमी, कारण माणसं नाहीत. फेसबुकवर माणसं उदंड, त्यात शेतकरी शोधावे लागतात. व्हॉट्सॲपवर सगळे आहेत, पण त्याचं खरं काम दोन माणसांचं निघालं आणि त्यातलं एक माणूस सासरी चाललं होतं. बानोशिवाय तिथे तीस टाकेसुद्धा पडले नसते.

"मले एक समजत नाही," गोजरबाई म्हणाली. "उंद्रीतून आमी बावीस जन आकडे टाकतो. बावीस जनाईनं तुले एकाले काऊन सांगाव? माह्या घरावरून सारेच वावरात जातात. मी दारात बसून इचारीन, कोनाचे किती, अन् तुले एकदाच बोलीन. बावीसच्या जागी एक. तू काय साऱ्या जिल्ह्याचा पोलीस पाटील आहेस का, का घरोघरी हजेरी घेतं?"

भार्गवीने वहीवर भरभर लिहिलं. गावं किती? बत्तीस. प्रत्येक गावातलं एक माणूस गटप्रमुख करायचं. चार गटांच्या जागी त्या बत्तीस जणांचा एकच गट, लिहायचं फक्त त्यांनी. गावाने आपसात काय ती फुलं वाटून घ्यावीत. युसूफपर्यंत पोचायचे ते बत्तीस निरोप, आणि युसूफने संध्याकाळी द्यायचा तो एक.

"जागा बदलायची गरजच नव्हती," ती म्हणाली. जरा खट्टूच झाली होती, कारण टेलिग्राम तिला मनापासून आवडलं होतं.

"गाव करी ते राव न करी," गोजरबाई म्हणाली आणि पतंगांची थैली पुन्हा पिशवीत घातली. ती घरी नेऊन शेजाऱ्यांना दाखवायची होती.

त्याच दुपारी निरोप गेले. बहुतेक गावांना आपलं माणूस दोन दिवसांत सापडलं. एका गावात तिघांना प्रमुख व्हायचं होतं, तिथे चिठ्ठी टाकावी लागली. उंद्रीत बोंडं फोडली, अळी निघाली, वेळेत निघाली, आणि बावीसपैकी नऊ जणांनी फवारलं. बाकीच्यांनी चहा प्यायला. यादीच्या शेवटी जानेफळसमोरची जागा मात्र युसूफने कुणालाच न विचारता मोकळी ठेवली.

पुढचे तेरा दिवस टाके पडले रोज सत्तरच्या वर, कधी ऐंशी. शेवटचा टाका निकाहच्या आदल्या दिवशी असरच्या आधी पडला. युसूफने तो घातला नाही. त्याने सुई बानोच्या हातात दिली आणि तिच्या हातावर आपला हात धरून तो टाका घातला. हे रीतीत बसत नव्हतं, कौसरने तसं म्हटलंही. "अर्धे टाके तिचेच आहेत," युसूफ म्हणाला. "एक तरी उघड पडू दे."

गादी जानेफळला गेली. बानो गेली. पाठवणीच्या वेळी युसूफने तिला एवढंच सांगितलं, की जानेफळचे आकडे गोळा करायला माणूस हवं आहे, आणि आसिमला विचारून ठेवलं आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे युसूफने सवयीने फोन खिडकीत ठेवला आणि तो फजरला गेला. परत येताना त्याला आठवलं, आता खिडकीतला फोन आपणच ठेवतो आणि आपणच उचलतो. त्याने उभ्यानेच गट उघडला. उंद्री, चार. दुसरबीड, तीन. देऊळघाट, सहा. एकाखाली एक, स्वच्छ. आणि सगळ्यांत खाली एक नवीन.

'जानेफळ. सापळे पंधरा. सरासरी तीन, भेवाची गोष्ट नाही. सुप्रभात अब्बा.' आणि पुढे गुलाबाचं एक फूल.

खाली लगेच गोजरबाईचा आवाज आला. युसूफने तो मोठा करून ऐकला. "का रे युसूफभाई, आता? काढ बरं हिले गटाच्या बाहेर! नियम आहे ना तुहा?"

कौसर मागून आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. युसूफ बराच वेळ अक्षरं शोधत होता. मग त्याने एका बोटाने, चुकत, पुसत, पुन्हा लिहून, एकतीस गावांच्या देखत उत्तर टाकलं. 'सुप्रभात बेटा.'

तेवढीच वाट बघत असल्यासारखी एकतीस गावं तुटून पडली. गुलाब आले, सूर्य आला, मोरपीस आलं, चहाचा वाफाळता कप तर सात जणांनी पाठवला. त्या दिवशी दुपारी युसूफ चिंतामणरावांची गादीमागोमाग सांगितलेली उशी घेऊन बसला होता, तिला जेमतेम बावीस टाके पडले, आणि संध्याकाळी भार्गवीला पुन्हा हात हलवत परत जावं लागलं. सगळी फुलं युसूफने एकेक करून पाहिली आणि एकही पुसलं नाही.